वीतभर इंजिन

भोर आणि वेल्हे हा मुलूख डोंगरांचा. राजगड आणि तोरण्यासारखे गड, नीरा, वेळवंडी, गुंजवणी आणि कानंदी या नद्या, भाटघरचे धरण, पावसाळ्यात पाण्याने भरलेली भातखाचरे, असे पुष्कळ काही येथे आहे; आगगाडी मात्र नाही. खंडाळ्याच्या घाटाला इंग्रज आपल्या कागदपत्रांत 'भोर घाट' म्हणत, त्यामुळे १८६३ साली तो लोहमार्ग सुरू झाला तेव्हा आगगाडी भोरवरून गेली, असा कित्येकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. आगगाडी पाहायची तर आमच्याकडील मुलांना एस. टी. त बसून पुण्याची वाट धरावी लागते.

अशा या मुलखातील सातवीत शिकणाऱ्या एका मुलीने गेल्या वर्षी डिझेल इंजिनाची प्रतिकृती तयार केली. ती तयार करणे शहाणपणाचे होते की वेळ दवडण्याचे, यावर गावात बराच वाद झाला. त्या वादात मी तिच्या बाजूचा होतो आणि आजही आहे. तेव्हा हा लेख अगदी निःपक्षपाती असेल, अशी अपेक्षा ठेवू नका.

विरुद्ध पक्षाचे पुढारी होते तिचे चुलते. त्यांचे म्हणणे मी येथे प्रथम देतो, कारण ते वेडगळ मुळीच नव्हते. "गुरुजी," ते म्हणाले, "पोरीने लाकडाचा ओंडका घेऊन स्वतः इंजिन कोरले असते तर मी पाठ थोपटली असती. पण हा तर तयार संच. भाग दुसऱ्याने पाडले, आराखडा दुसऱ्याने काढला, कोणता तुकडा कुठे चिकटवायचा तेही दुसऱ्यानेच छापून दिले. यात तिचे ते काय?"

हा आक्षेप बिनतोड वाटतो. सुट्या भागांचा असा संच, ज्याला सगळे 'किट' म्हणतात, तो घ्यावा, सोबतच्या पत्रिकेत एक, दोन, तीन असे आकडे असतील त्या क्रमाने तुकडे जोडावेत, आणि काम संपले म्हणून हात धुवावेत, असे करणाऱ्याने खरोखरच फारसे काही केलेले नसते. मित्राचा निबंध सुवाच्य अक्षरात उतरवून काढण्याइतकेच ते काम. परंतु संच जेथे संपतो तेथेच खरे काम सुरू होते, हे चुलत्यांना ठाऊक नव्हते. खरे सांगायचे तर तेव्हा मलाही ठाऊक नव्हते.

दिवाळीत आपण किल्ले करतो, त्यांची येथे आठवण होते. आमच्या भागातील मुलांना किल्ला पाहण्यासाठी चित्र लागत नाही. अंगणात उभे राहून मान वर केली की पुरे. तरीही आपले किल्ले कसे असतात? डोंगराच्या पोटात गुहा, गुहेत वाघ, आणि तो वाघ महादरवाजापेक्षा मोठा. बुरुजावरचा मावळा बुरुजाहून उंच. पायथ्याला तळे, तळ्यात बदक. राजगडाला पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तीन माच्या आहेत आणि मधोमध बालेकिल्ला आहे. पण मातीच्या राजगडाला बहुधा एकही माची नसते. मी याला हसत नाही. लहानपणी मीही असेच किल्ले केले आणि ते करताना मला फार आनंद झाला. मात्र त्या किल्ल्यांनी मला गडाविषयी काही शिकवले नाही, कारण ते करताना मी एकदाही गडाकडे वळून पाहिले नव्हते. संच जोडणाऱ्याचेही असेच होते. पत्रिकेत सारे लिहिलेले असते, म्हणून मूळ वस्तूकडे पाहण्याची त्याला गरजच वाटत नाही.

त्या मुलीला हा संच तिच्या पुण्याच्या मावशीने दिला होता. पेटीत प्लॅस्टिकचे भाग, जाळ्या आणि पायऱ्या कोरलेला पितळेचा पातळ पत्रा, थोडी बारीक तार, आणि चाके व मोटर बसवलेला एक सांगाडा, एवढेच होते. इंजिन होते 'डब्ल्यूडीएम-२' या जातीचे. यातील 'डब्ल्यू' म्हणजे रुंद लोहमार्ग, 'डी' म्हणजे डिझेल आणि 'एम' म्हणजे माल आणि प्रवासी अशा दोन्ही गाड्या ओढणारे. अमेरिकेतील अल्को कंपनीच्या आराखड्याची ही इंजिने. पहिली काही १९६२ साली तिकडूनच आली; नंतर जानेवारी १९६४ मध्ये वाराणसीच्या कारखान्यातून आपल्याकडील पहिले इंजिन बाहेर पडले, आणि १९९८ पर्यंत अशी अडीच हजारांहून अधिक इंजिने तयार झाली. आता देशातील बहुतेक रुंद लोहमार्गांवर विजेच्या तारा आल्या आहेत, वाराणसीचा तो कारखानाही विजेची इंजिने करू लागला आहे, आणि ही जुनी जात रुळांवरून जवळजवळ नाहीशी झाली आहे.

या इंजिनाची रचना मोठी मौजेची आहे. सायकलच्या चाकात हवा भरताना पंप गरम होतो, हे तुम्ही अनुभवले असेल. हवा दाबली की तापते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली आपले यंत्र यशस्वीपणे चालवून दाखवले, ते याच गुणावर. नळकांड्यातील हवा इतकी दाबायची की तिच्यात सोडलेले तेल ठिणगीवाचून पेट घेईल. आपल्या या इंजिनात अशी सोळा नळकांडी असत आणि त्यांची शक्ती २६०० अश्वशक्ती होती. परंतु ही शक्ती थेट चाकांना जात नसे. ती आधी जनित्र फिरवी, जनित्र वीज निर्माण करी, आणि त्या विजेवर आसांजवळच्या सहा मोटरी चालत. म्हणजे नाव डिझेलचे असले तरी चाके फिरवणारी शेवटी वीजच. प्रतिकृतीतही रुळांतून आलेली वीज चाकांवाटे आतल्या मोटरीला मिळते. फरक एवढाच की, मोठे इंजिन आपली वीज स्वतः तयार करी आणि धाकट्याला ती उसनी घ्यावी लागते.

प्रतिकृतीचे प्रमाण होते एकास सत्त्याऐंशी. खरे इंजिन एका टोकाच्या बफरपासून दुसऱ्या टोकाच्या बफरपर्यंत १७.१२ मीटर लांब. त्याला ८७ ने भागले की १९.७ सेंटिमीटर येतात. मोठ्या माणसाच्या वितीपेक्षाही थोडे कमीच! या मापाच्या गाड्यांचे सारे एक शहरच पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांच्या संग्रहालयात आहे. १९९८ साली ते लोकांसाठी खुले झाले. संच जोडण्याआधी मुलगी ते पाहून आली होती.

दहा दिवसांत इंजिन उभे राहिले. तिने कानशीने कडा घासल्या, चिमट्याने जाळ्या बसवल्या, तांबडा रंग दिला. मग ते तिने आपल्या आजोबांपुढे नेऊन ठेवले. आजोबा डिझेल शेडमध्ये फिटर होते. निवृत्त होऊन वेल्ह्याकडील आपल्या गावी शेती पाहत होते. त्यांनी चष्मा लावला, इंजिन उलटेसुलटे करून पाहिले आणि विचारले, "वाळू कुठून पडणार?"

मुलीला प्रश्नच समजला नाही. पत्रिकेत वाळूचे नाव नव्हते.

तेव्हा आजोबांनी सांगितले ते असे. लोखंडी चाक लोखंडी रुळावर चालते, म्हणून आगगाडीला घर्षण कमी लागते आणि एक इंजिन मोठे ओझे ओढू शकते. पण हाच गुण चढावर शत्रू होतो. पुणे-मिरज मार्गावर शिंदवण्याजवळ गाडी घाट चढू लागली, वर पाऊस लागला, रुळावर ओला पालापाचोळा पडला, की चाके जागच्या जागी गरगर फिरू लागतात. अशा वेळी चालक एक झडप उघडतो. दाबलेल्या हवेच्या जोराने पेटीतली वाळू नळीतून चाकापुढे रुळावर पडते आणि चाकाला पकड मिळते. ती वाळू अगदी कोरडी लागते. ओली झाली की नळीत अडकते. म्हणून ती आधी भाजून घेत. "एवढे मोठे इंजिन, पण पावसात त्याची अब्रू मूठभर वाळू राखते," आजोबा म्हणाले. "तुझ्या इंजिनाला त्या नळ्याच नाहीत. आमच्याकडे हे शेडबाहेर सोडले नसते."

प्रदर्शनाला चारच दिवस राहिले होते. त्या नळ्या इतक्या बारीक आणि इतक्या खाली असतात की, कोणाच्या ध्यानातही आल्या नसत्या. मुलगी रडकुंडीला आली. मीही मनातून म्हणालो की, राहू द्यावे. पण दुसऱ्या दिवशी तिने तारेचे तुकडे कापले, चिमट्यात धरून वाकवले, आणि प्रत्येक तुकडा चाकाला चिकटणार नाही पण रुळाच्या अगदी जवळ येईल असा बसवला. तीन वेळा तुकडे गळून पडले. एकदा तर चाकच चिकटून बसले आणि सबंध गाडा सोडवावा लागला.

त्या चार दिवसांत आजोबांनी आणखी पुष्कळ दोष काढले. छपरावरच्या पंख्याची जाळी संचात भरीव होती. तिच्यातून आत पंखा दिसायला हवा, नाहीतर पाणी थंड कसे होणार? बाजूच्या दांड्या पत्र्याच्या चपट्या पट्ट्या होत्या. "दांडी गोल असते. रात्री तेलकट हाताने पकडायची असते ती. चपटी असती तर आमच्यातले चारजण पडले असते." तेव्हा दांड्या तारेच्या झाल्या. खरी दांडी तीन सेंटिमीटर जाड धरली तर या मापात ती मिलिमीटरच्या एकतृतीयांशाएवढी भरते. आणि मग रंग. मुलीने कुठेसे वाचले होते की, प्रतिकृतीवर गंज आणि मळ रंगवला म्हणजे ती खरी वाटते. तिने पिवळट तपकिरी रंगाचे ठिपके द्यायला सुरुवात केली, तेव्हा म्हातारा खरोखर रागावला. गंजलेले इंजिन! त्याच्या हातचे! शेवटी तडजोड झाली: धुराड्याभोवती काजळी, ब्रेकच्या लोखंडाची भुकटी उडते म्हणून चाकांपाशी तपकिरी छटा, आणि गंज कुठेही नाही. मला ही तडजोड फार आवडली. प्रतिकृतीला जुनेपणा देण्याची हौस पुष्कळांना असते आणि त्या भरात चांगली कामे बिघडलेली मी पाहिली आहेत.

आता चुलत्यांच्या प्रश्नाकडे पुन्हा वळू. यात तिचे ते काय? भाग तिने पाडले नव्हते, हे खरे. पण इंजिनावरची दांडी ही शोभेची रेघ नाही, तिथे कोणाचा तरी हात पडत असे, हे तिला आता ठाऊक झाले होते. पंधरा वर्षे एकाच घरात राहून आजोबा नोकरीत काय करीत, हे त्या घरातील मुलांपैकी कोणी विचारले नव्हते, आणि आजोबांनीही सांगितले नव्हते. ते बोलते झाले ते एका चुकीच्या इंजिनामुळे. संच अपुरा होता हे बरेच झाले, असे मला कधीकधी वाटते.

वजनाचाही एक हिशेब आम्ही वर्गात केला. इंजिनाचे वजन ११२.८ टन. मुलांनी झटकन ८७ ने भागले आणि उत्तर काढले, तेराशे किलोग्रॅम! वीतभर इंजिन जीपगाडीइतके जड! मग चूक उमगली. लांबी ८७ पट कमी झाली, तशीच रुंदी आणि उंचीही; म्हणून वजनाला ८७ ने तीन वेळा भागले पाहिजे. ८७ चा घन ६,५८,५०३. उत्तर येते सुमारे १७१ ग्रॅम. पण एवढ्या हलक्या इंजिनाला डबे ओढवत नाहीत, चाके घसरतात. खऱ्या इंजिनाला वाळू, तर या इंजिनाला पोटात शिशाचे तुकडे! लहान वस्तू म्हणजे मोठ्या वस्तूचीच लहान आवृत्ती नव्हे, हे त्या दिवशी फळ्यावरच्या आकड्यांनी वर्गाला पटवले.

आता ज्या गोष्टीमुळे सगळा वाद पेटला ती सांगतो. आपल्या रुंद लोहमार्गाच्या दोन रुळांमधील अंतर १६७६ मिलिमीटर. त्याला ८७ ने भागले की १९.३ मिलिमीटर येतात. परंतु या मापाचे जे रूळ जगभर विकत मिळतात ते १६.५ मिलिमीटरांचे असतात, कारण ते युरोप-अमेरिकेतील १४३५ मिलिमीटरांच्या मार्गावरून घेतले आहेत. तेव्हा इंजिन आपल्याकडचे आणि चाकांमधले अंतर परक्याचे, असा हा प्रकार होतो. खऱ्या मापात बोलायचे तर जवळजवळ २४ सेंटिमीटरांची चूक. आपल्याकडील हौशी लोकांना हे ठाऊक असते. रूळ दुसरे मिळत नाहीत म्हणून ते चालवून घेतात, आणि मी त्यांना दोष देत नाही. चालवून घेणे वेगळे आणि लपवणे वेगळे, एवढेच माझे म्हणणे होते. म्हणून मी मुलीला सुचवले की, इंजिनाखालच्या फळीवर तसे लिहावे.

"लिहायलाच हवे का, गुरुजी?" तिने विचारले.

मी म्हणालो, हवे. तिने चिठ्ठी लिहिली: 'या प्रतिकृतीत रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर आहे. ते १९.३ मिलिमीटर असावयास हवे होते.'

प्रदर्शनात परीक्षक आले. वाळूच्या नळ्या त्यांना दिसल्या नाहीत. तिने दाखवल्या तेव्हा त्यांनी कौतुकाने ऐकून घेतले. मग त्यांनी चिठ्ठी वाचली आणि हसून म्हणाले, "तू हे लिहिले नसतेस तर आमच्या लक्षातही आले नसते." बक्षीस दुसऱ्या एका प्रतिकृतीला मिळाले. ते तिच्या चिठ्ठीमुळेच हुकले असे मी म्हणू शकत नाही. पण घरी चुलते तसेच म्हणाले, आणि मुलगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

याबाबत मी पुष्कळ विचार केला आहे. चिठ्ठी लिही असे सांगणे मला सोपे होते, कारण बक्षीस माझे जायचे नव्हते. तरीही माझे मत बदललेले नाही. जिने तारेचा तुकडा चारदा बसवला तिला चूक माहीत होती. ती फळीवर लिहिली नसती तर प्रत्येक वेळी इंजिन पाहताना ती तिला दिसलीच असती. परीक्षकांनी गुण कापले असतील तर तो त्यांचा अधिकार होता. फक्त त्यांनी ती चिठ्ठीही प्रतिकृतीचाच एक भाग मानावयास हवी होती, असे मला वाटते.

राहता राहिला उपयोगाचा प्रश्न. "आपल्याकडे रेल्वे नाही, मग इंजिन कशाला?" असे गावात अनेकांनी विचारले. मला तर वाटते, जेथे रेल्वे नाही तेथेच ते अधिक हवे. पुण्याच्या मुलाला स्थानक जवळ. आमच्या मुलांना इंजिनाखाली काय असते हे दुसरे कोण सांगणार? हे संच महाग असतात, ही अडचण खरी आहे. पण प्रत्येक मुलाला एक संच हवा असे कोठे आहे? शाळेत एक टेबल, दोन कानशी, चार चिमटे, आणि वर्षाला एक संच. आणि ज्याने त्या यंत्रावर काम केले असा गावातलाच एखादा माणूस शेजारी बसलेला. असा माणूस बहुतेक गावांत निघतो. तोही न मिळाला तर पुठ्ठा आहेच. १९०३ साली विश्वेश्वरय्यांनी खडकवासल्याच्या धरणाला पाण्याच्याच जोराने आपोआप उघडणारी दारे बसवली. पुठ्ठा, दोरा आणि वजनासाठी खडे घेऊन त्या दारांची प्रतिकृती करता येईल. ती पहिल्या खेपेला उघडणार नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो.

ते इंजिन सध्या मुलीच्या घरी, फळीवर, चिठ्ठीसकट आहे. आजोबा कधीकधी ते काढून फडक्याने पुसतात. पुढच्या दिवाळीत तिने धाकट्या भावाबरोबर राजगड करायचे ठरवले, आणि तोही मापाने, एकास एक हजार. तीन माच्या झाल्या, संजीवनी माचीची लांब सोंड झाली, बालेकिल्ला जागच्या जागी आला. मग तिने भावाला सांगितले की, या मापात माणूस पावणेदोन मिलिमीटर, म्हणजे तिळाएवढा. तेव्हा मावळे तिळांचे करायचे. भावाने सारे ऐकून घेतले, आणि बाजारातून आणलेले रंगीत महाराज, वीतभर उंच, सिंहासनासह बालेकिल्ल्यावर नेऊन बसवले. ती माझ्याकडे तक्रार घेऊन आली. मी किल्ला पाहायला गेलो. तीळ सगळे जागच्या जागी होते. काही मुंग्यांनी नेले होते. महाराजांबद्दल मात्र मी काही बोललो नाही.